सातवं उत्तर

लॉच्या चौथ्या वर्षाला आम्हाला एक मोठा निबंध लिहायचा असतो. विषय आपणच शोधायचा, माणसं आपणच गाठायची, सर फक्त लाल रेघा मारणार. मी हक्कसोड घेतलं. म्हणजे बहीण वडिलांच्या शेतातला आपला वाटा भावाला सोडून देते, तो कागद. आमच्या सीमाभागात घराघरात सापडतो. सही करताना बहिणींना काय वाटलं, ते मी विचारणार होते. मी एवढी खूश होते की काकतीच्या स्टॉपवर मैत्रिणीला अख्खा विषय सांगत बसले आणि आमची बस गेली.

पहिली मुलाखत आत्तीची. पप्पांची थोरली बहीण, बोरगावला दिलेली. तिनंही पप्पांना असंच लिहून दिलंय. मला वाटलं, घरचीच आहे, भडाभडा बोलेल.

मी गेलते तेव्हा ती शेंगा फोडत बसलेली. मी फॉर्म पुढं केला. नियमच आहे, बोलणाऱ्याची आधी लेखी संमती घ्यायची.

"आत्ती, हितं सही कर. मग बोलू."

तिनं हात पुसले, चष्मा लावला, कागद बघितला आणि परत दिला.

"इंग्रजी हाय."

"कॉलेजचा हाय गं. सगळ्यांना सेमच."

"तुझ्या पप्पानं आणलेला कन्नडमधी हुता. मला कन्नड बोलाय येतंय, वाचाय न्हाय. त्योबी म्हणला, आक्का, हितं सही कर."

रागानं नाही बोलली. शेंगा फोडतच बोलली. मला मात्र कुठं बघू कळेना. बायकांना न वाचता सही करायला कशी लावतात, यावर मी महिनाभर नोट्स काढलेल्या, आणि आता पेन धरून मीच बसलेले.

तिथंच वहीचं पान फाडून फॉर्म मराठीत लिहिला. आत्तीनं ओळीखाली बोट धरून वाचला. एका ओळीवर बोट थांबलं. "मी दिलेलं उत्तर मला कधीही, कारण न सांगता, मागं घेता येईल."

"सही केल्यावरबी?"

"व्हय."

"आणि कारण सांगायचं न्हाय?"

"न्हाय."

"लई चांगला कागद हाय की मग." तिनं सही केली. "माझी कॉपी?"

दुसरी लिहून दिली. ती तिनं गॅसच्या पुस्तकात ठेवली.

सातवा प्रश्न होता, भावाला कधी काही म्हणावंसं वाटलं का. आत्तीनं टरफलं एका बाजूला लोटली. मग चार-पाच वाक्यं बोलली. निपाणीच्या बसमध्ये मी ती रेकॉर्डिंगवर तीनदा ऐकली आणि खिडकीकडं तोंड करून रडले. अख्खा निबंध त्या वाक्यांवर उभा केला. सरांनी पहिल्यांदाच लाल पेनानं "छान" लिहिलं.

निबंध द्यायच्या चार दिवस आधी आत्तीचा फोन.

"त्यो कागद वाचत बसलेते. सात नंबरचं काढ."

"अगं पण का..." एवढं तोंडातून गेलं आणि मी जीभ चावली. ती पलीकडं वाट बघत होती.

"काढते, आत्ती."

"खरंच काढशील न्हवं?"

रेकॉर्डिंगमधलं तेवढं कापलं. नोट्सचं पान फाडलं. प्रश्न तसाच ठेवला आणि उत्तराच्या जागी लिहिलं, संमती मागे घेतली. सर म्हणाले, "निबंधाचा जीवच गेला की. मार्क जातील." थोडे गेले. त्या वाक्यांसारखं मला काही लिहिताच आलं नाही. ती इथंही सांगणार नाही.

बाइंडिंग करून आणलेली कॉपी पप्पांनी दोन दिवस वाचली. नाव कुणाचंच नव्हतं, पण आत्तीला ओळखायला त्यांना नाव कशाला लागतंय. सातव्या प्रश्नापाशी त्यांनी चष्मा काढला.

"काय म्हणली ती?"

"सांगता येत न्हाय, पप्पा."

त्यांनी कॉपी मिटून ठेवली. रविवारी सकाळी गाडी पुसायला लागले.

"बोरगावला जाऊन येतो," एवढंच.

ते गल्लीच्या तोंडाला पोचायच्या आत मी आत्तीला फोन लावला.

"पप्पा निघालेत तुझ्याकडं."

"मधीच कसं काय?"

"सात नंबरचं विचारायला."

पलीकडं भांड्यांचा आवाज थांबला.

"उपाशी न्हाय न्हवं निघाला?" ती म्हणाली. "बरं, येऊ दे. भाकरी टाकते."