चूलबंद आवतण

नात अमरावतीला कॉलेजात शिकते. परवा तिचा फोन आला. वादविवाद स्पर्धेला विषय दिलाय म्हणे: संघटित धर्मानं माणसाचं भलं जास्त केलं की वाईट? "आजी, कोणत्या बाजूनं बोलू?" मी म्हटलं, "आधी जेवली का ते सांग." चिडली. चिडू दे. तिला जे सांगता आलं नाही ते इथे लिहिते.

आमचं गाव चांदूर बाजारच्या पलीकडे. चैत्रात मारुतीचा भंडारा होतो. गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले कणकेचे रोडगे, वांग्याची भाजी, वरण. आणि त्या दिवशी गाव चूलबंद. म्हणजे सकाळी घरोघरी जाऊन अक्षता द्यायच्या आणि दारात उभं राहून म्हणायचं, "आज तुमची चूल बंद." मग त्या घरात चहासुद्धा होत नाही. आवतण नसलेल्या घरातच काय ती चूल पेटते, त्यामुळे कोणाला वगळलं ते लपत नाही. सासूबाई गेल्यापासून हे आवतण मी द्यायची.

जुना काळ काही दुधानं धुतलेला नव्हता. सासूबाईंच्या वेळी बौद्धपुऱ्याची, म्हणजे बौद्ध वस्तीची, पंगत वेगळी, सगळ्यात शेवटी, उरल्यासुरल्यावर. ती रीत आम्ही दोघींनी मोडली, मी आणि त्याच पुऱ्यातल्या माझ्या मैत्रिणीनं. जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षं आम्ही दोघीच शिक्षिका, डबा एकच. पहिल्यांदा तिच्या दारी आवतण घेऊन गेले तेव्हा ती म्हणाली, "अक्षता घेणार नाही अन् तुह्या मारुतीच्या पाया बी पडणार नाही. पण गावासोबत जेवाले येईन." आली, माझ्याच शेजारी बसली. सासरच्यांनी आठ दिवस अबोला धरला. धरा म्हटलं. तेव्हा माझ्यात दम होता.

पुढे मंदिराची समिती झाली. अध्यक्ष माझाच पुतण्या. त्याला बाराखडी शिकवली ती माझ्या मैत्रिणीनं. समितीनं वाईटच केलं असं म्हटलं तर जीभ झडेल. कोरोनात मैत्रिणीच्या नवऱ्याला श्वास घेता येईना, तर याच पुतण्यानं त्याला आपल्या गाडीत घालून अमरावतीच्या दवाखान्यात नेलं. घरचे जवळ जायला भीत होते, हा त्याला धरून बसला. माणूस वाचला. मग देवळाला रंग लागला, भोंगे आले, मोबाइलवर ग्रुप आला. ग्रुपवर रोज कोणीतरी कुठल्या तरी लांबच्या गावच्या भांडणाचा व्हिडिओ टाकायचं, खाली जोडलेल्या हातांची चित्रं. पुतण्या माझ्याकडे चहाला यायचा तेव्हाही डोकं त्या मोबाइलातच. हसायचा कमी झाला.

गेल्या साली भंडाऱ्याच्या आदल्या दिवशी त्यानं छापलेली यादी माझ्या हातात ठेवली. कोणकोणत्या घरी जायचं त्याची. त्यात बौद्धपुरा नव्हता.

"अन् तिकडली घरं?"

"तिकडलं समिती पाहून घेईन, काकू. तुमी यादीपरमानं जा."

समिती काही पाहणार नाही, हे त्याच्या तोंडावरूनच मला कळलं. कळलं नाही असं कोणत्या तोंडानं म्हणू? ऊन फार आहे, गुडघे धरलेत, घरात उगाच भांडण कशाला, अशी कारणं मी मनाशी गोळा केली आणि यादीप्रमाणे फिरले. बौद्धपुऱ्याच्या तोंडाशी गेले आणि तिथून परत वळले.

दुपारी अडीचला पंगत बसली. जेवणापुरता भोंगा बंद होता. गाव चिडीचूप. आणि कुकरची शिट्टी झाली. थोड्या वेळानं दुसरी. मैत्रिणीचं घर पुऱ्यात पहिलंच, देवळापासून हाकेवर. वाढणाऱ्याचा हात थांबला.

"चूलबंदच्या दिशी कोनाची चूल पेटली बे?" पलीकडच्या पंगतीतून कोणीतरी बोललं. "मुद्दाम करून राहिले हे. देवाचा अपमान आहे हा."

सगळे पुतण्याकडे पाहू लागले आणि पुतण्या माझ्याकडे. तिथे आवतण गेलंच नव्हतं, हे नक्की ठाऊक असलेली माणसं आम्ही दोघंच. 'आवतण मीच दिलं नाही', एवढंच बोलायचं होतं मला. तोंडात रोडग्याचा घास होता. मी तो चावत राहिले.

"पाहून येतो," म्हणत तो उठला. त्याच्यामागे वीसेक जण ताटावरून उठले. मोटारसायकलींच्या तीन चकरा झाल्या बौद्धपुऱ्यातून, हॉर्न दाबून, घोषणा देत. काही फुटलं नाही, कोणाच्या अंगाला हात लागला नाही. पण जे नाव मी रोज सकाळी आंघोळ करून घेते तेच नाव ते ओरडत होते, आणि ते ऐकून मला भीती वाटली. देवाच्या नावाची भीती मला त्याआधी कधी वाटली नव्हती. संध्याकाळी ग्रुपवर मैत्रिणीच्या दाराचा फोटो आला. खाली लिहिलं होतं, 'लक्षात ठेवा हे घर.' त्याखाली तेच जोडलेले हात. ते मोजायची माझी हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी तिच्याकडे गेले. ती ओट्यावर तांदूळ निवडत होती. बस म्हणाली नाही. मी उभ्यानंच म्हटलं, "अवं, चुकलं माझं. यादीत पुराच नव्हता…"

"यादी?" तिनं मान वर केली. "इतके वर्स काय यादी पाहून येत होती तू?"

मला रडू फुटलं. तिला नाही. तिनं सुपातला खडा उचलून अंगणात फेकला.

"दोन वाजून गेल्यावर भात लावला मी," ती म्हणाली. "लेकरं सकाळपासून उपाशी. सून म्हणे, आई, लावा न आता. मी म्हटलं, थांब थोडं, येईनच ती. गुडघे दुखतात तिचे, उन्हाचं हळूहळू येत असन."