ताप येऊ नये म्हणून

अंगणवाडीत चौदा वर्षं मी बायकांना एकच पाढा वाचून दाखवत आले आहे. लसीची सुई टोचल्यावर लेकराला गुंडाळू नका, अंगावर पाजत राहा, औषध सिस्टर सांगेल तेव्हाच आणि तेवढंच द्या. सांगताना माझा तोरा असा, की जणू ताप मला विचारूनच गावात येतो.

आमचं गाव रोहिणखेडच्या बाजूला. त्या उन्हाळ्यात एकीच्या बाळाला दीड महिन्याच्या सुईनंतर दोन दिवस ताप आला आणि बाकीच्या बायका अडून बसल्या. आमच्याकडे रीत अशी, की बायका अडल्या की सेविकेनं आधी आपल्या घरचं लेकरू पुढं करायचं. माझी नात नेमकी दीड महिन्याची झाली होती. मी छातीठोकपणे सांगून टाकलं, पहिली सुई माझ्या नातीला, आणि पाहा तिला ताप येतो का.

सांगून तर बसले, पण तिला खरंच ताप आला तर? त्या दिवशी सकाळी सून आंघोळीला गेल्यावर मी तापाच्या औषधाचे थेंब गुपचूप नातीच्या तोंडात सोडले. ताप यायच्या आधीच त्याची वाट अडवायची, एवढीच माझी अक्कल. अंगणवाडीत सिस्टरनं सगळ्यांसमोर विचारलं, घरून काही औषध दिलंय का. सुनेनं नकारार्थी मान हलवली, तिला ठाऊकच नव्हतं. मीही नाही म्हटलं.

सुई टोचून घरी आलो आणि पोर रडायला लागली. शेजारणींना ऐकू जाऊ नये म्हणून मी दार लावलं, खिडकी लावली. वर टिनाचं छप्पर, बाहेर वैशाख. थोड्या वेळानं सुनेनं पोरीच्या कपाळाला हात लावला.

"आई, अंग चटके देऊन राह्यलं हिचं. सिस्टरनं देलेलं औषध देऊ का?"

सांगायची वेळ हीच होती. थांब, सकाळी मी दिलंय, एवढे चार शब्द. पण सून मला सासूपेक्षा अंगणवाडीची ताई म्हणून जास्त मानायची, तो मान मला सोडवेना.

"दे," मी म्हटलं.

तिनं मोजून थेंब पाजले. त्यानंतरचा वेळ मी कसा काढला ते मला आजही नीट सांगता येत नाही. पोरीनं आधी दूध सोडलं, मग रडणंही सोडलं. डोळे अर्धवट मिटलेले, अंग विस्तवासारखं. मला रडणं नकोसं झालं होतं, आता ते ऐकू यावं म्हणून जीव कासावीस झाला. आपणच हिला मारलं, हेच डोक्यात फिरत होतं. शेवटी मी सिस्टरला फोन लावला आणि सुनेच्या देखत सगळं ओकून टाकलं.

सिस्टरनं आधी विचारलं, दारं-खिडक्या उघड्या आहेत का.

नव्हत्या. ती म्हणाली, आधी त्या उघडा, बाळाचे कपडे सैल करा, आईला छातीशी धरू द्या, आणि आता औषधाचा एक थेंबही नको. इतकं लहान बाळ दूध सोडतं म्हणजे घरी थांबायचं नाही, लगेच दवाखान्यात आणा. मी दार उघडलं. शेजारणी ओट्यावरच उभ्या होत्या.

दवाखान्यात पोहोचेपर्यंत रिक्षात सुनेनं पोरीला माझ्याकडे दिलं नाही. तिथं डॉक्टरांनी पोरीला तपासलं, संध्याकाळपर्यंत ठेवून घेतलं. दिवेलागणीच्या आधी ती दूध ओढायला लागली. मी भिंतीला टेकून खाली बसले आणि ओक्साबोक्शी रडले. डॉक्टर म्हणाले, दोन वेळच्या औषधानं या खेपेला अपाय झाला नाही, पण असं परत करू नका.

घरी आल्यावर सुनेनं पोरीला पाळण्यात टाकलं आणि माझ्याकडे न बघता बोलली.

"पुढची सुई मी मोताळ्याले दवाखान्यात नेऊन देतो, आई. तुम्ही येऊ नका."

पुढच्या महिन्यात अंगणवाडीत बायका जमल्या. त्यांनी पहिलं हेच विचारलं, तुमची नात कुठं आहे. थाप मारणं सोपं होतं. मी खरं ते सांगितलं, सकाळच्या थेंबांपासून बंद खिडकीपर्यंत. एक जण लेकराला पदरात घेऊन दारातच थांबली होती.

"म्हंजे ताप येतेच ना, ताई?"

"येतो," मी म्हटलं. चौदा वर्षांत हे मी कोणाला सांगितलंच नव्हतं.