सुवर्णपदकाची करडं

दैवशालाला चौथीत नापास करणारा मास्तर मीच. तेराच्या पाढ्यापुढं तिची गाडी जायची नाही. डोक्यात दगड भरलेत, असं मी भर वर्गात म्हणालो होतो आणि पोरं माझ्या अपेक्षेप्रमाणं हसली होती. सासर तिला गावातच मिळालं, त्यामुळं तिचं पुढचं आयुष्य मला बघावं लागलं. येडशीच्या बाजूच्या माळावर ती रोज चाळीस शेळ्या चारायची. संध्याकाळी शेळ्या परतल्या की डालग्याखाली झाकलेली करडं सुटून एकदम उधळायची, आणि ही बाई त्या गोंधळात एकेक उचलून त्याच्याच आईखाली नेऊन सोडायची. सगळी काळी, सगळी सारखी, अंगावर खूण नाही. एकही चुकलेलं मी पाहिलं नाही. तरी पंचवीस वर्षं मी तिला ढच समजत होतो.

तिचा धाकटा दीर उमाशंकर मात्र माझा लाडका. दहावीला केंद्रात पहिला, एम.एस्सी.ला सुवर्णपदक. पदक काचेत घालून भिंतीवर. बोलायला लागला की टक्केवारीपासून सुरुवात. पुण्यातल्या दोन नोकऱ्या सोडून तो गेल्या वर्षी घरी आला. खरं तर नोकऱ्यांनीच त्याला सोडलं असावं. आता शास्त्रीय शेळीपालन करणार म्हणाला. शास्त्रीय म्हणजे काय, तर वहिनीनं त्याला विचारल्याशिवाय गोठ्यात पाय ठेवायचा नाही. दैवशालाचा नवरा रामकिसन शिकलेल्या भावापुढं नुसती मान डोलवणारा. त्यानं माझा सल्ला घेतला, तेव्हा शिकलेल्या माणसाचं ऐकावं, असं मीही सांगितलं.

दिवाळीनंतर शेळ्या व्यायल्या. बावीस करडं झाली. उमाशंकरनं आठवड्यानं एका सकाळी, कोण कुणाला पितंय ते बघून, प्रत्येकाच्या पाठीवर पांढऱ्या ऑइलपेंटनं आकडे घातले, कुठला आकडा कुठल्या शेळीचा त्याची वही केली आणि मला कौतुकानं बघायला बोलावलं. आकडे फार सुबक आले होते.

दैवशाला दारातच उभी होती. "भावजी, रंगाचा वास लागंल," ती म्हणाली. "ह्यांच्या माया ह्यांना जवळ घेणार न्हाईत."

त्यावर उमाशंकरनं तिला विचारलं, वहिनी, तुमचं शिक्षण किती? मी हसलो. त्याचा तो प्रश्न आणि माझं ते हसू आठवलं की मला आम्हा दोघांची किळस येते.

शेळी आपलं करडू वासानं ओळखते, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मलाही होतं. पण सुवर्णपदकाला काही सांगावं, हे माझ्यासारख्याला कुठून सुचणार? संध्याकाळी शेळ्या माळावरून आल्या, त्यांनी करडांना हुंगलं आणि शिंगांनी बाजूला सारलं. एकीनंही पाजलं नाही. उमाशंकर मोबाइलमध्ये काहीतरी वाचत बसला. सकाळी करडं माना टाकायला लागली, तरी याचं म्हणणं एकच, आणखी एक दिवस जाऊ द्या, सवय होईल.

मग दैवशालानं कुणालाच विचारलं नाही. ती गोठ्यात शिरली. रंग लागलेले केस तिनं कात्रीनं कापून काढले, त्या त्या करडाच्या आईचं दूध पिळून त्याच्या पाठीला आणि शेपटीखाली चोळलं, आणि रामकिसनला शेळी धरायला लावून करडू सडाला लावलं. केसांबरोबर आकडे गेले, वहीचा उपयोग संपला. कोण कुणाचं हे सांगणारी ती एकटीच उरली, आणि तिला एकदाही थांबून विचार करावा लागला नाही. दुपारपर्यंत एकवीस करडं प्यायली. उमाशंकर वही काखेत धरून कोपऱ्यात उभा होता. मला कुणीतरी खुर्ची दिली होती, मी तिच्यावर बसून होतो.

बाविसाव्यापर्यंत ती पोचली, तेव्हा त्याच्यात फारसा जीव उरला नव्हता. केस कापायच्या आतच ते तिच्या मांडीवर गेलं. त्याची आई कुडाशी उभी राहून सारखी ओरडत होती. दैवशाला रडली, आमच्या देखत रडली. मग ते करडू उचलून दिरासमोर आली.

"भावजी, ह्याची माय वरडायलीय. तिला काय सांगू म्या?"

उमाशंकरनं करडाच्या पाठीकडं पाहिलं, वही उघडली, पानावरून बोट फिरवलं. "सतरा नंबर," तो म्हणाला, आणि त्या ओळीवर त्यानं पट्टीनं सरळ रेघ मारली.