सप्तापुरातल्या खोलीचं कुलूप

घरून काम सुरू झालं त्या दिवशी बंगळूरच्या मॅडमनी फोनवर मला सगळ्या अटी ऐकवल्या. खोली स्वतंत्र हवी. दाराला कुलूप हवं. लॅपटॉप उघडा टाकून उठायचं नाही, वायफायचा पासवर्ड कुणाला द्यायचा नाही, कंपनीचं बोलणं बाहेर जाता कामा नये. मी म्हणालो, "मॅडम, निश्चिंत राहा. माझा माझ्या सावलीवरही विश्वास नाही." त्या हसल्या. मी विनोद केला नव्हता.

माझं काम घासाघिशीचं. कंपनी हॉस्पिटलांना आणि होस्टेलांना चादरी, पडदे पुरवते. तो माल कुणाकडून आणि काय भावाने घ्यायचा ते मी ठरवतो. जास्तीत जास्त कुठवर जायचं तो वरचा आकडा फक्त मॅडमना आणि मला माहीत. तो समोरच्याला कळला की माझी गरजच उरत नाही.

ही विद्या मी हुबळीत, कोप्पीकर रोडवरच्या आमच्या कापडदुकानात शिकलो. वडिलांमागे ते अण्णाने, माझ्या थोरल्या भावाने, चालवलं. शाळा सुटल्यापासून मी त्याच्या शेजारी गादीवर. मग एकदा त्याच्या लक्षात आलं की खरेदीचे आकडे फुटतायत. दुकानात आकडे बोलणारे आम्ही दोघंच. "मी फोडत नाही, म्हणजे तू फोडतोस," अण्णा म्हणाला. भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, मला घरभेद्या म्हणाला आणि गादीवरून उठवलं. मी धारवाडला, सप्तापुरात आलो. पुढे जे उभं केलं ते स्वतःच्या तोंडाच्या जोरावर. त्या दुकानाची पायरी पुन्हा चढलो नाही, आणि तो शब्द एक दिवसही विसरलो नाही.

म्हणून पुढे मॅडमचा दुसरा फोन आला तेव्हा माझ्या डोक्यात सणक गेली.

"इचलकरंजीचे ते चादरीवाले शेठ दर वेळी आपल्या वरच्या आकड्याला टेकूनच थांबतात," त्या म्हणाल्या. "भाव तुमच्या खोलीतून बाहेर पडतोय. कुठून ते शोधा. नाहीतर ही खरेदी आम्ही इथूनच करू."

बोलणं सभ्य, पण शब्द तोच. काम जाण्याची भीती होतीच. त्याहून जास्त, दुसऱ्यांदा घरभेद्या ठरण्याची.

मी शोधायला लागलो. वरच्या मजल्यावर आमच्या भाडेकरू, कॉलेजात शिकवणाऱ्या बाई, आमचंच वायफाय वापरत. मी पासवर्ड बदलला. त्या खाली आल्या. "काका, नेट गेलंय का?"

"तुमचं गेलंय. माझं आहे."

"मी तुमच्या चादरींचे भाव घेऊन काय करू हो? मला एक चादर पुरते."

हसून बोलल्या, म्हणून जास्तच संशय आला. चादरींचं यांना कसं कळलं? कळायला काय, माझा आवाज गच्चीपर्यंत जातो, असं बायको म्हणाली. मग मी खिडकीला जाड पडदा लावला, लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर पट्टी चिकटवली, नेट दुरुस्तीला आलेल्या माणसाच्या डोक्यावर तो जाईपर्यंत उभा राहिलो. चहा आणायला बायको आली तर स्क्रीन बंद करायचो.

"अहो, उद्या मलाही पासवर्ड लावाल," ती म्हणाली.

"वेळ आली तर लावीन."

त्या दिवसापासून चहा दाराबाहेर स्टुलावर येऊ लागला, बहुतेक गार.

एवढं करूनही शेठ पुढच्या खरेदीला वरच्या आकड्याला टेकूनच थांबले. मी रागाने कीबोर्ड आपटला.

खरेदी करताना मी दोन फोन घेऊन बसतो. एकावर शेठ, स्पीकरवर, आणि दुसऱ्यावर मॅडम. शेठशी मराठी, मॅडमशी कन्नड. यात मला वावगं वाटण्याचं कारणच नव्हतं. आमच्या दुकानातली रीत तीच. गिऱ्हाईक कन्नड असलं की आम्ही भाऊ आपसात मराठीत बोलायचो, आणि व्यापारी कोल्हापूर-इचलकरंजीकडचा असला की कन्नडमध्ये. आमच्यासारख्या घरांत हे कुलूप लहानपणीच हातात मिळतं. शेठ तर अण्णाच्याही दुकानाचे जुने व्यापारी. "तुमचं ते कन्नड आपल्याला काही झेपत नाही बुवा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

एका सकाळी शेठ फोनवर असतानाच फाटकापाशी भाजीवाली आली. बायकोने मेथीचा भाव पाडायला घेतला. भाजीवाली कन्नडमध्ये ओरडली, "अक्का, आत तुझा नवरा ओरडतोय, बाहेर तू! माझी मेथी तुमच्या दोघांच्या आवाजानंच सुकली बघ!"

फोनमधून हसू आलं. खुदकन, आवरलेलं. माझ्याही आधी.

"काय झालं शेठ?" मी विचारलं.

"काही नाही, इथे एकजण काहीतरी बोलला."

पडदा, पट्टी, पासवर्ड, सगळं माझ्याकडे बघत होतं.

मॅडमना सांगून ठेवलं. पुढच्या वेळी शेठ स्पीकरवर असताना दुसऱ्या फोनवर कन्नडमध्ये एक खोटा, बराच खालचा आकडा विचारला. मॅडमही कन्नडमध्येच म्हणाल्या, "त्याच्यावर एक पैसा नाही." शेठ कण्हले, कुरकुरले आणि नेमके तिथे येऊन थांबले. मॅडमनी मला चक्क सॉरी म्हटलं. खरेदी माझ्याकडे राहिली.

पण माझं अजून बाकी होतं. हेच शेठ अण्णाच्या गादीसमोर वर्षानुवर्षं बसत, आणि अण्णा त्यांच्यादेखत मला कन्नडमध्ये आकडे सांगत असे.

शेठ ऑर्डरी घ्यायला हुबळीला येतात तो दिवस मी साधला. दुकानात शिरलो तेव्हा गिऱ्हाइकांची गर्दी होती आणि शेठ गादीवर चहा पीत होते. अण्णा म्हातारा झाला होता. मला बघून दचकला. पण व्यापारी समोर, म्हणून तोंडावर काही दाखवलं नाही. उलट सवयीने, धाकट्या भावाला हाक मारतात तशी मारून, कन्नडमध्ये पुटपुटला, "तम्मा, आत्ता तमाशा नको. याच्याशी भाव ठरतोय."

मीही कन्नडमध्ये, अगदी हळू म्हणालो, "अण्णा, याच्या कॉलरवर पाल आहे."

शेठ किंचाळून उठले. चहा गादीवर सांडला. दोन्ही हातांनी ते मान झटकत राहिले, आणि मग त्यांचे हात हळूहळू थांबले. पाल नव्हतीच.

अण्णा त्यांच्याकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. त्याच्या तोंडचा रंग उतरत गेला. काहीतरी बोलायला त्याने तोंड उघडलं आणि मिटलं. शेठना कळणार नाही अशी भाषा आता आमच्याजवळ उरली नव्हती.

व्यापारी समोर असताना अण्णा गादीवरून कधी उठत नाही. त्या दिवशी उठला, माझं मनगट धरून मला पायरीवर घेऊन आला. कोप्पीकर रोडवर हॉर्नचा नुसता कल्लोळ. तो माझ्या कानाशी म्हणाला, "चुकलं रे माझं."

मला स्पष्ट ऐकू आलं होतं.

"आत चल," मी म्हणालो. "हाकललंस तेव्हा दुकान भरलेलं होतं. आत जाऊन म्हण."

"तम्मा, गिऱ्हाईक आहे..."

"म्हणूनच."

माझ्याशी भाव करता येतो का, हे तो क्षणभर चाचपत राहिला. मग धोतर सावरून आत वळला.