नामाजीचा लिंब

नामाजी म्हणजे साखरा गावच्या रखमाजी धनगराचा पोरगा. बॉल टाकायला पळायचा तो वाकडा. समोर सरळ वाट असली तरी डाव्या अंगानं वळसा घ्यायचा, अन् मगच विकेटीवर यायचा. ज्यानं पाहिलं त्यानं विचारलं, हा काहून असा पळतो? कोणी म्हणायचं, लहानपणी म्हशीनं मांडीत शिंग घातलं. कोणी म्हणायचं, नवस हाय. सेनगावच्या बाजारात तर एकानं छातीवर हात मारून सांगितलं, त्याचा एक पाय आखूड हाय. दोन्ही पाय बराबर होते. मापून न्हाई पाहिले, पण मेंढरामागं पळताना पाहिलेत.

खरी गोष्ट लिंबाची.

हिंगोलीत गोऱ्यांची छावणी होती. पलटण उठून गेली, मैदान राहिलं. सगळी काळी माती, उन्हाळ्यात कोपरापर्यंत हात जाईल अशा भेगा. घट्ट मुरमाची पट्टी एकच. तिच्यावर काथ्याची चटई अंथरायची अन् कचेरीतल्या कारकुनांनी, रेल्वेच्या बाबूंनी खेळायचं. चटईच्या एका टोकाला ओढा. दुसऱ्या टोकामागं, चार पावलांवरच, जुना कडूलिंब. त्याच्याखाली फकिराचं ठाणं, म्हणून कुऱ्हाड लावायची कोणाची टाप नव्हती. ही चटई सांभाळायचा खाजा मिया. पलटणीच्या वक्तापासून त्याचं हेच काम.

उन्हाळ्यात नामाजी छावणीच्या गवतावर मेंढरं घेऊन यायचा. लांब गेलेले बॉल पळत आणून द्यायचा. एक दिवस खाजा मियाच म्हणाला, "टाकून बघ."

बाकीचे लिंबाच्या अलीकडून दोन पावलं पळून टाकायचे. नामाजी गेला लिंबाच्या मागं.

"अरे, म्होरून टाक की!"

"तेवढ्यात आंग गरम न्हाई होत, चाचा."

तर तो लिंबामागून निघायचा, मुळीला ठेच लागू नये म्हणून मान खाली, लिंबाला वळसा, अन् त्या गिरकीत हात फिरला की बॉल सपकन आत शिरायचा. खेळणाऱ्याला तो दिसायचाच उशिरा. कारकुनांच्या दांड्या उडायला लागल्या.

एका रेल्वे बाबूनं ही गोष्ट सिकंदराबादच्या कोण्या नवाबाच्या टीममधे पोचवली. तिकडून सांगावा आला, घेऊन या.

रखमाजी म्हणाला, "एकडाव जा. न्हाई घेतलं तर पुन्हा बॉलाला हात लावायचा न्हाई. मेंढरं काय मी एकल्यानंच हाकू?"

आईनं, चंद्रभागाबाईनं, पोराला भाकरी-ठेचा बांधून दिला. सोबतीला खाजा मिया निघाला.

तिथलं मैदान पाहून नामाजी बावचळला. गवत असं बराबर कातरलेलं, त्याला वाटलं इथं मेंढरं लई दिसतात. अन् चटईमागं कायच न्हाई. लख्ख मोकळं. सरळ पळाला तर पायात पाय आले. पहिला बॉल कडेच्या तंबूत. दुसरा स्वतःच्याच अंगठ्यावर.

कप्तान मिशीत हसला. "यही है तुम्हारा तूफान, बड़े मियाँ?"

"चाचा," नामाजी पुटपुटला, "इथं लिंब न्हाई."

खाजा मियानं लुंगी खोचली, मैदानात गेला अन् चटईमागं, लिंब असता त्या जागी हुबा राहिला. "हा घे. पळ."

नामाजी म्हाताऱ्याला वळसा घालून आला. मधली दांडी गेली. पुढच्या बॉलला पुन्हा गेली.

कप्तान जवळ आला. "मॅच में तुम तो खड़े नहीं रहते. ग्यारह में से एक को झाड़ बनाऊँ क्या? खाना खाके देखता. झाड़ बगैर डाला तो रखता, नहीं तो शाम की गाड़ी पकड़ो."

नामाजीनं भाकरी परत फडक्यात बांधली. "चला चाचा, मेंढरंच बरी."

"गप. मीच हुबा राहतो. कप्तानाला मी समजावतो. तू फक्त मान खाली घालून पळ, अन् मला धक्का लावू नको. गुडघा दुखून राहिला."

जेवणानंतर पहिले काही बॉल म्हातारा खरंच हुबा राहिला. कप्तान ओरडणार, तर त्याला हातानं खुणावलं, थांबा. मग नामाजी पाठ करून लांब निघाला तसा हा हळूच सटकला. नामाजी वळला, मान खाली, पळत आला. त्या मोकळ्या जागेपाशी बराबर डावीकडं वळला, हात फिरला, दांडी उडाली. पुन्हा तसंच. मैदानातली माणसं पोट धरून हसायला लागली, तेव्हा कुठं त्यानं वर पाहिलं.

खाजा मिया तंबूत बशीत चहा ओतून फुंकत होता.

"आरं, लिंब हिकडं चा पिऊन राहिला!" नामाजी ओरडला.

"रख लो इसको," कप्तान म्हणाला.

रखमाजीनं मेंढरांसाठी तांड्यावरचा फुलसिंग ठेवला, अन् वर्षभर कुरकुर केली. नामाजी मात्र अठ्ठेचाळीसला निजामाचं राज्य गेलं तोवर खेळला. कुठल्याही मैदानात गेला तरी वळसा सुटला न्हाई. एकदा मॅच चालू असताना पंचानं बॉल हातात धरून विचारलं, "टेढ़ा कायको भागता रे?"

"सामने झाड़ है ना, साब."

पंचानं मागं वळून पाहिलं. "किधर?"

"हिंगोली में," नामाजी म्हणाला, अन् बॉल मागून घेतला.