मडगार्डची चार भोकं

शेजारी ग्रिल बसवताना ड्रिल फिरलं, तापलेल्या लोखंडाचा वास आला आणि मी पुन्हा विठ्ठलवाडीच्या आमच्या चाळीपुढे उभा राहिलो. नोकरी लागल्यावर मी लांब हँडलची नवीकोरी क्रूझर मोटरसायकल घेतली होती आणि उल्हासनगरच्या सिंधी दुकानदाराकडे तिच्यासाठी चामड्याच्या बॅगा पसंत करून ठेवल्या होत्या. पण अंबरनाथ एमआयडीसीत फिटर असलेले बाबा जेवणाच्या सुट्टीत स्वतः बनवलेलं कॅरियर घेऊन आले. माप मात्र घेतलं होतं त्यांच्या एका मित्राच्या साध्या मोटरसायकलचं. माझ्या उतरत्या मडगार्डवर ते बसेचना. "थांब, भोकं पाडतो, लोखंडच तर आहे," म्हणत त्यांनी ड्रिल लावलं. क्रोमचा चुरा माझ्या चपलांवर पडत होता, अख्खी चाळ कौतुकानं बघत होती आणि मी गाडी धरून उभा होतो. चार भोकं पाडूनही कॅरियर तिरकंच राहिलं, तेव्हा त्यांनी ते काढलं. "रंग मारला की दिसणार नाही ना रे?" त्यांनी विचारलं. "छे, कुणाला कळतंय!" मी म्हणालो. पावसाळ्यात त्या भोकांतून चिखल उडून शर्टाची पाठ बरबटायची, पण बाबा होते तोवर मी ते मडगार्ड बदललं नाही. आता कारनं फिरतो. भर पावसातही पाठ कोरडीच असते.