वस्तीकडं वळलेला कर्णा

देवावर मी त्या दिवशी लई चिडलो होतो, खोटं कशाला सांगू? गावात सप्ताहाचं काल्याचं कीर्तन, आणि माझी मंडळी इथं वस्तीवर अंथरुणाला खिळलेली. अर्धांगवायूनं एक बाजू गेलेली, आता तर पाणीही उतरेना. शेवगावच्या डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं होतं. तिचं मागणं एकच. "अवो, काला डोळ्यानं न्हाई बघायचा, नुसता ऐकायचा हाय."

पूर्वी देवळावर कर्णा असायचा, अभंग थेट आमच्या विहिरीपर्यंत यायचा. यंदा सोनईचा नवा साउंडवाला. त्याचे मोठाले बॉक्स मांडवात घुमायचे, वस्तीवर मात्र सात दिवस नुसतं धप धप. बॉक्स जवळच्यांसाठी, लांब आवाज फेकावा तर कर्ण्यानंच, एवढं मलाही कळतं. पण तिला एकटं टाकून सांगायला जाणार कसा? "पांडुरंगा, तुला ऐकू येतंय ना? मग झालं तुझं!" असं सरळ सुनावलं मी.

कीर्तन उभं राहिलं आणि गावाकडून कर्कश शिट्टी ऐकू आली. "घ्या, गेलं बोंबलत," मी म्हणालो. शिट्टी थांबली, आणि महाराजांचा शब्दन् शब्द आमच्या ओट्यावर येऊ लागला. टाळ, पखवाज, सगळं. ती हसली. "आलं की वो!" एवढंच बोलली. हंडी फुटली, महाराज म्हणाले, हात वर करा. तिनं चांगला हात उचलला, लुळा मी धरून वर केला. गजर संपल्यावर मी तिचे हात खाली घेतले, तेव्हा ती गेली होती.

दहाव्याला तो साउंडवाला भेटायला आला. "काका, काल्याला गर्दी म्हनून बाहेर एक कर्णा लावला, त्याचं तोंड चुकून माईककडं झालं. आवाज परत माईकात शिरला की शिट्टी मारतो. घाईघाईत उलटा फिरवला बगा. तिकडं कुनाचं घर हाय, मला काय ठावं?" मी त्याच्या पाया पडायला वाकलो, तर बिचारा मागंच सरकला.

लोक चमत्कार म्हणतात. मी काही म्हणत नाही. पांडुरंगाकडं मी तिचं आयुष्य मागितलं होतं, ते त्यानं दिलं नाही, आणि तो राग अजून पुरता गेलेला नाही. पण मागणं आपलं, देणं त्याचं, हे आता सोसायला शिकतोय. रोज सकाळी हात जोडतो, "तिला ऐकवलंस, उपकार झाले रे बाबा," म्हणतो, आणि रडू यायचं ते येतंच.